पापलेट, फणस, शेवंड आणि च्यक

माझ्या दुकानात माइक घ्यायला आलेल्या माणसाला मी 'हॅलो' म्हणू देत नाही. हॅलो कुठल्याही फुटकळ माइकमध्ये चांगलंच ऐकू येतं. हॅलोवर माइक पसंत करणं म्हणजे स्थळ बघायला जाऊन नुसते पोहे खाऊन येणं. मी म्हणायला लावतो : पापलेट, फणस, शेवंड. पापलेटमधले दोन 'प' माइकवर फुटतात का, फणसाच्या 'फ'बरोबर वारा घुसतो का, शेवंडीचा 'श' शिट्टी मारतो का, एवढं तीन शब्दांत कळतं. (शेवंड म्हणजे समुद्रातल्या खडकांत सापडणारा मोठा झिंगा, घाटावरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) हल्ली मी त्यापुढे चौथी गोष्ट करायला सांगतो. जीभ टाळूला लावून एक 'च्यक'. गिऱ्हाइकं हसतात. गेल्या वर्षापर्यंत मीही तीन शब्दांवरच थांबत होतो.

चौथं कुठून आलं तेच मला सांगायचंय, पण या अंकाच्या संपादकबाईंनी मागितलंय वेगळंच. त्या म्हणाल्या, "काका, मुलांना गेमिंगचे हेडसेट हवे असतात, पालकांना काही कळत नाही. टिकाऊ, चांगल्या माइकचा कसा निवडावा, तुमच्या अनुभवातून लिहा." मी हो म्हणालो आणि फसलो. मला एका जागी बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून शटरला तेल घालून आलोय, आणि शटर काही करकरत नव्हतं. त्यामुळे आधी बाईंचं काम उरकतो.

रत्नागिरीच्या बाजारात पस्तीसेक वर्षं माझं आवाजाचं दुकान आहे. आधी लग्नाला, सत्यनारायणाला, उरुसाला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचो, मग रेडिओ-टेपची दुरुस्ती, आणि आता काचेच्या कपाटात हे हेडसेट. धंदा एकच, आवाज इकडून तिकडे नेणं. धंद्याचा नियमही एकच ठेवला : आधी मालाची खोट सांगायची, मग किंमत. त्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं पायरी उतरून गेली. ती वर्षभराने परत आली, हे मी बायकोला नेहमी ऐकवतो आणि तिला ते पाठ झालंय.

तर हेडसेट. पहिलं म्हणजे त्याचे लाल-निळे दिवे बघू नका. दिव्यांनी ऐकू येत नाही, आणि डोक्यावर घातल्यावर ते घालणाऱ्याला दिसतही नाहीत. हातात घेऊन डोक्यावरची पट्टी दोन्ही बाजूंना ताणा. आत पोलादी पाती असली तर गप ताणली जाते, नुसतं प्लॅस्टिक असलं तर करकर बोलते आणि चार महिन्यांत तुटते. मग वायर. वायर मधे कधी मरत नाही, माणसासारखी मानेशी मरते, जिथे ती पिनमध्ये किंवा कानात शिरते तिथे. तिथे लांब मऊ रबर हवं. कानाच्या गाद्या रेक्झिनच्या घेऊ नका. आमच्याकडच्या घामात वर्षभरात त्यांचे काळे पापुद्रे सुटतात आणि पोरं कानाला कोळसा लावल्यासारखी हिंडतात. कापडी घ्या. समुद्राजवळ राहत असाल तर पिन हिरवी पडते, ती आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात हेडसेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बुटांच्या खोक्यात निघणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या त्यात टाका, म्हणजे बुरशी येत नाही.

माइक दांडीवाला घ्या. दांडी वाकवाल तिथे राहिली पाहिजे, पडलेल्या मिशीसारखी खाली येता कामा नये. तोंडापासून दोन बोटं लांब आणि जरा गालाकडे. झालं. बाईंचं काम संपलं.

फक्त एक राहिलं. हल्लीच्या बऱ्या हेडसेटला वायरवर एक छोटी डबी असते. तिच्यावर बटण असतं, गोंगाट गाळायचं. ते चालू केलं की पंखा, मिक्सर, कावळे, की-बोर्डची टकटक, सगळं जागच्या जागी गाळलं जातं आणि पलीकडे फक्त माणसाचा आवाज जातो. फार सुंदर सोय. पण हे बटण बोट लागून बंद होतं आणि मग गिऱ्हाईक भांडायला येतं की माइक बिघडला. त्यावर मी उपाय काढला होता. विकतानाच बटण चालू करायचं आणि त्यावर गरम गोंदाचा एक थेंब सोडायचा. कायमचं काम. याचा मला फार अभिमान होता.

चमत्कारिक गिऱ्हाइकं म्हणाल तर अलोऱ्याचे एक निवृत्त गृहस्थ आले होते, त्यांनी चांगला हेडसेट घेतला आणि म्हणाले, "याची ती दांडी कापून द्या." मी म्हटलं, अहो, माइकचेच तर पैसे आहेत. म्हणाले, "मला बोलायचं नाहीये. चाळीस वर्षं बोललो. आता ऐकायचंय." दिली कापून. दुसरे आमचे गुरुजी. ते परदेशातल्या यजमानांची पूजा इथून सांगतात. त्यांची तक्रार आली की मंत्र स्वच्छ जातात, पण घंटा जात नाही, यजमान विचारतात, घंटा वाजवली का? मी हसलो. म्हटलं, गुरुजी, घंटा देवाने ऐकायची, यजमानाला काय करायचीय? गुरुजीही हसले. तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं. बटण घंटा गाळतं, म्हणजे आणखी काय काय गाळत असेल, हा विचार पस्तीस वर्षं आवाजात काढलेल्या माणसाला शिवला नाही.

आता हनीफभाई आणि त्यांची निलोफर.

हनीफभाई दोह्याला क्रेन चालवतात. वर्षा-दीड वर्षाने सुट्टीवर येतात आणि आले की माझ्याकडे एक चक्कर असतेच, कारण त्यांच्या निकाहाला लाउडस्पीकर माझा होता आणि तो मधेच बंद पडला होता. गेल्या वर्षी ते लेकीला घेऊन आले. निलोफर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पाच जणींच्या संघात कॉम्प्युटरवर गेम खेळते, बाकीच्या चौघी नाशिक, सांगली अशा कुठे कुठे. तिचं घर खाडीला लागून. ती बोलायला लागली की मागून होड्यांची इंजिनं, कावळे आणि तिच्या अम्मीचा मिक्सर.

"त्या मला विचारतात, तुझ्याकडं मासळीबाजार भरतो काय," ती म्हणाली. "काका, असा द्या की फक्त मीच ऐकू आली पायजे. आणि टिकला पायजे. आधीचे दोन मोडले."

मी बारा नग काढले. आता इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे 'नाही' म्हणायला तोंड उघडायची पद्धत नाही. जीभ टाळूला लावायची आणि सोडायची, च्यक. मासळीवालीला भाव कमी करायला सांगा, च्यक. जावयाला आणखी एक वडा घ्या म्हणा, च्यक. मान हलेलच असं नाही. आमच्या घरी माझ्या निम्म्या बेतांचा निकाल याच आवाजात लागलेला आहे. त्यात हे बाप-लेक म्हणजे पक्के च्यकवाले. पहिला नग दाखवला, बापाने च्यक. दुसरा, लेकीने च्यक. तिसऱ्याला दोघांनी एकदम, आणि मग तेच दोघं हसले. आठव्या नगाला मी वैतागून म्हटलं, "तुम्ही दोघं पाल पाळल्यासारखे काय बोलता? तोंडाने सांगा."

"सवय हाय विनूभाऊ," हनीफभाई म्हणाले. "आमच्यात एवढ्यात समजतं."

अकरावा नग पसंत पडला. मी पंखा पाचवर केला, घरून आणलेला मिक्सर फिरवला, की-बोर्ड बडवला. पलीकडे काही नाही. मग निलोफर म्हणाली, पापलेट, फणस, शेवंड, आणि काय स्वच्छ गेलं! हनीफभाईंनी स्वतःसाठीही तसाच दुसरा घेतला, कारण त्यांच्या खोलीत आठ माणसं आणि एक खडखडता एसी. मी दोन्ही डब्यांवर बटण चालू करून गोंदाचा थेंब सोडला आणि सांगितलं, "हे आता तुमच्या नातवंडांपर्यंत बंद होणार नाही." खोट सांगितली नाही, कारण मला ती माहीत नव्हती.

हनीफभाई परत गेले. महिन्या-दीड महिन्याने एका दुपारी निलोफर दुकानात आली आणि हेडसेट काउंटरवर ठेवून म्हणाली, "काका, याचा माइक खराब हाय."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, पाडला असशील. ती म्हणाली, नाही. मी माझ्या कॉम्प्युटरला जोडला, पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी लावली आणि म्हटलं, बोल. पापलेट, फणस, शेवंड. पट्टी नाचली. मी विजयी होऊन तिच्याकडे बघितलं. तिने पडद्याकडे बघत एकच आवाज केला, च्यक.

पट्टी जागची हलली नाही.

तिने आणखी तीनदा केलं. मला दुकानात बसून ऐकू येत होतं, कॉम्प्युटरला येत नव्हतं. बटण टकटक गाळतं, आणि त्या बटणाच्या लेखी तिचं 'नाही' म्हणजे की-बोर्डची टकटक.

मग तिने सांगितलं. खेडकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा आखातातच कामाला, हनीफभाईंच्या ओळखीतला. लग्न करून लगेच न्यायचा होता, शेवटचं वर्ष अर्ध्यावर सोडून. अब्बांचा फोन आला तेव्हा घरात अम्मी, दोन खाला (म्हणजे मावश्या) आणि फुफू (आत्या) तिला घेरून बसल्या होत्या. नेट रडत होतं म्हणून चित्र बंद, नुसता आवाज, तोही हेडसेटमधून तिच्या एकटीच्या कानात. अब्बा म्हणाले, "मग, त्यांना होय कळवू?" एवढ्या बायकांच्या देखत तिच्याने तोंडाने नाही म्हणवलं नाही. तिने च्यक केलं. बाप ओळखतोच ना. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही, मग अब्बा म्हणाले, "बरं." तिला वाटलं, समजले. त्यांना वाटलं, पोर लाजली, गप्प बसली, म्हणजे कबूल. चार दिवसांनी खेडहून मिठाईचे डबे आले.

"मी मिठाई बघून अम्मीला विचारलं, ही कुणाची," ती म्हणाली. "अम्मी म्हणते, तुझी."

रडत नव्हती. मला त्याचाच जास्त त्रास झाला. मी ब्लेड घेतलं आणि डबीवरचा गोंद खरवडायला लागलो. माझेच हात, माझाच थेंब, आणि निघता निघेना. ती शेजारी उभी राहून बघत होती. बटण बंद केलं. ती म्हणाली, च्यक. पट्टी उडून वर गेली.

"इथून अब्बांना फोन लावते," ती म्हणाली. "घरी सगळ्या बसल्यात. स्पीकरवर लावा, काका. साक्षीदार नको काय?"

मी शटर अर्धं ओढलं. हनीफभाईंची जेवणाची सुट्टी होती. त्यांनी उचललं; मागे खोलीतल्या एसीचा खडखडाट नव्हता, म्हणजे हेडसेट लावलेला.

"अब्बा, त्या दिवशी मी च्यक केलं होतं. तुमाला आलंच नाय. त्या बटणानं गाळलं. काकांनी आता दाखवलं मला." आणि मग ती भराभरा बोलली, श्वास न घेता. ते स्थळ नको. पेपर द्यायचेत. पुढे शिकायचंय. नंतरचं नंतर बघू.

हनीफभाईंनी तिला मधे तोडलं नाही. मग म्हणाले, "मी जबान दिलीय गो बाय."

"म्हायती हाय."

"लोकं काय म्हणतील मला? पोरीला विचारलं नाय, म्हणतील."

"तुमी विचारलंत. मी सांगितलंही. मधे गेलं." ती थांबली. तिचे हात काउंटरवर इतके घट्ट दाबलेले होते की नखं पांढरी पडली होती. "अब्बा, मी अम्मीला जाऊन सांगते, तुमी मोडायला होय म्हणालात. सांगू ना?"

स्पीकरमधून काही आलं नाही. साध्या फोनवरच्या शांततेत श्वास असतो, खरखर असते, मागे कुणीतरी ताटं आपटत असतं. ही शांतता गाळलेली होती, त्यात काहीच नव्हतं.

"सांगू ना, अब्बा?"

काही नाही. मग लाइन तुटली.

निलोफर माझ्याकडे वळली. "काय नाय बोलले," ती म्हणाली. "नाय म्हणायचं असतं तर बोलले असते. म्हणजे होय. हो ना, काका?"

मला माहीत होतं. हनीफभाईंच्या डबीवरचा गोंद मीच लावला होता आणि तो दोह्यात अजून तसाच होता. त्या माणसाने तिकडे च्यक केलं असतं, एकदा सोडा, दहादा केलं असतं, तरी इथे हीच शांतता आली असती. मी म्हणायला हवं होतं, थांब पोरी, पुन्हा लाव, तोंडाने बोलायला सांग. मालातली खोट आधी सांगायची, हा माझा नियम. तो मी पस्तीस वर्षं मिरवला होता आणि याच घडीसाठी तो होता.

मी म्हटलं, "वायर गुंडाळताना घट्ट गुंडाळू नकोस. मानेशी तुटते."

ती हसली, हेडसेट पिशवीत टाकला आणि वाकून शटरखालून गेली. तिला कळलं नसेल का? दोन्ही डब्यांवर गोंद तिच्यासमोरच लागला होता, मी खरवडताना ती शेजारी उभी होती, आणि ती माझ्यापेक्षा हुशार आहे. आजही मला वाटतं, तिला पूर्ण माहीत होतं. विचारून खात्री करायची माझी छाती नाही.

त्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दुकानात बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कुठे जावं कळायचं नाही. चांगले चालणारे रेडिओ उघडून पुन्हा बंद केले. आरे-वारेच्या रस्त्याला स्कूटर घेऊन गेलो आणि समुद्र न बघताच परत आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या घरातला नकार गिळून बसलात." मी म्हटलं, होकारही असेल. तिने काय केलं ते सांगायला नको.

एका परीने मी त्या बापाला फसवलं होतं. कुणाची जबान मोडायची की नाही हे ठरवणारा मी कोण? आणि दुसऱ्या परीने त्या पोरीची पांढरी नखं डोळ्यांसमोरून हलत नव्हती. दोन्हीकडून मलाच चावत होतं. शेवटी ठरवलं, हनीफभाईंना फोन करायचा आणि खरं सांगून मोकळं व्हायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी रिसीव्हर उचलणार, तोच फोन वाजला. काउंटरवर माझा जुना, तारेचा फोन अजून आहे. काही न गाळणारा.

"विनूभाऊ," हनीफभाई म्हणाले. हवापाणी विचारलं, बायकोच्या गुडघ्याचं विचारलं. मागे एसी खडखडत होता, म्हणजे त्यांनीही हेडसेट न लावता साधा फोन कानाला धरला होता.

"एक विचारायचं होतं. परवा पोर तुमच्याकडून बोलली. शेवटाला मी जे केलं, ते तिकडं आलं काय?"

'बोललो' नाही म्हणाले. 'केलं' म्हणाले. परवाच्या त्या फोनवर दोनच मिनिटं आधी लेकीने सांगितलं होतं की बटण हा आवाज गाळतं, आणि तरीही त्यांनी तेच केलं होतं. याला सवय म्हणायचं की आणखी काही, ते मी त्यांना विचारलं नाही. शब्द जुळवून बघितले, एकही धड जुळेना. मग मी जीभ टाळूला लावली आणि सोडली.

च्यक.

ते पोचलं, कारण पलीकडे त्यांचा श्वास मला ऐकू आला. पुष्कळ वेळ नुसता तो एसी.

"बरं," हनीफभाई म्हणाले. "मग राहू दे. खेडवाल्यांचं मी बघतो. गोंद सुट्टीवर आलो की काढून घेईन."

त्यांनी खेडला काय सांगितलं मला ठाऊक नाही. मिठाईचे डबे परत गेले. निलोफरची फुफू माझ्या दुकानावरून जाताना अजून तोंड फिरवते. पोरीने पेपर दिले, आता पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरतेय, आणि तिच्या संघातल्या चौघींना म्हणे तिच्याकडचे कावळे आता पुन्हा ऐकू येतात.

हनीफभाई पुढच्या महिन्यात येतायत. ब्लेड मी काउंटरच्या ड्रॉवरमध्ये वरच ठेवलंय, आणि ते आहे ना हे दिवसातून चारदा उघडून बघतो.